मेण लावलेल्या सुती कापडाचं जॅकेट: जुनं होता होता चांगलं दिसणारं कोणतं घ्यावं?

धुऱ्यावरचा (केळापूर तालुका)

राम राम मंडळी. माझा आतेभाऊ इंग्लंडात लीड्सले असते, दिवाळीत गावाकडं येऊन राहिला. काय आनू म्हनून विचारते. मी म्हनलं चाकलेट नको बाप्पा, तिकडचे लोक पावसात मेन लावलेलं सुती जॅकेट घालते ना, ते आन.

कामाचं सांगतो. हिवाळ्यात आमच्याकडं थ्री फेजची लाईन रातची असते. गहू अन् हरबरा ओलीत कराले मध्यरातीले निघा लागते. दहिवर असं पडते का तुरीतून निंघालं तं कंबरेपासून गळ्यापर्यंत सारं वलं. पहाटे त्याच कपड्यावर गाडीनं पांढरकवड्याले दुकानावर. वारा हाडात शिरते.

अदुगर एक चकचकीत जॅकेट घेतलं होतं, "वॅक्स लूक" का काय ते. पावसाळाभर कपाटात होतं. काढून पाह्यलं तं आतून पापुद्रे निंघून राह्यले, खांद्यावर हात लावला तं चिकट. आता असं पायजे का दहा-पंधरा वर्सं चालन, अन् जुनं झालं तरी अंगावर घालाची लाज नाई वाटन. भाऊ म्हनते तिकडं बापाचं जॅकेट पोरगा घालते. खरं का? कापड किती जाड पायजे? अस्तर असावं का नसावं? ज्याले मालूम असन त्यानं सांगजा.

टेकडीवरचा_पोट्टा (नागपूर)

भाऊ, मे महिन्यात आपल्याकडे ४५-४६ डिग्री असते. तुम्ही धुऱ्यावर मेणबत्तीसारखे वितळून सापडाल बे.

धुऱ्यावरचा

मे महिन्यात कोन घालून राह्यलं? मे महिन्यात बनियन बी जड होते.

टाईनकाठचा_वऱ्हाडी (मूळ अकोट, सध्या न्यूकॅसलजवळ)

मी राहतो तिथून साउथ शील्ड्स जवळच आहे. बार्बर ही कंपनी तिथे १८९४ मध्ये सुरू झाली, बंदरातल्या लोकांना तेलकापड विकायला. त्यामुळे इथे गल्लीबोळात ही जॅकेटं दिसतात. कुत्री फिरवणारे, मेंढपाळ, कॉलेजची पोरं, सगळे घालतात. बापाचं पोराला जातं हे खरं आहे, पण त्यामागे दरवर्षीची मेहनत असते. ती कुणी केली नाही तर ते जॅकेट पाच वर्षांतच कोरडं, पांढुरकं आणि घडीवर चिरलेलं होतं.

आता कापडाचं. घट्ट विणलेलं सुती कापड घेऊन त्यात मेण मुरवतात. जाडी औंसात सांगतात: ४, ६, ८. सहा औंस म्हणजे चौरस मीटरला साधारण २०० ग्रॅम, आठ औंस म्हणजे २७० च्या आसपास. लोकांना वाटतं जितकं जाड तितकं टिकाऊ. काट्याकुट्यात ते खरं आहे, पण आठ औंसाचं कापड पहिली दोन वर्षं अंगावर उभंच राहतं, आणि पंधरा अंशांच्या वर गेलं की आतून घाम धरतं. विदर्भातल्या हिवाळ्याला सहा औंस भरपूर झालं.

पोताचे दोन प्रकार बघायला मिळतील. एक गुळगुळीत, थोडी चमक असलेला, रुळांखालून दाबून काढलेला; बार्बरवाले त्याला थॉर्नप्रूफ म्हणतात. दुसरा सिल्कॉइल: यात कापडावरची बारीक लव कापत नाहीत, त्यामुळे स्पर्श मऊ आणि रंग मॅट. दुसरा रंगाने लवकर फिकट होतो, कोपरावर आणि खिशाच्या कडेला पांढुरके पट्टे येतात. "जुनं होऊन चांगलं दिसतं" म्हणतात ते बहुतेक याच्याबद्दल. मला स्वतःला तोच आवडतो, पण चिखलाचे डाग गुळगुळीत कापडावरून सोपे निघतात हेही सांगतो.

अस्तर: आत साधं सुती चौकडीचं अस्तर असतं ते पुरे. आत कापूस किंवा फायबर भरलेलं अजिबात घेऊ नका. एकदा ओलं झालं की तुमच्याकडच्या दमट हवेत वाळायला जीव खाईल, आणि पुन्हा मेण लावताना आतलं भरण गरम करता येत नाही. थंडी जास्त असेल तर आत स्वेटर घाला.

मॉडेलचं विचाराल तर गाडी चालवणाऱ्याला बार्बरचं बिडेल बरं. ते १९८० मध्ये घोडेस्वारीसाठी काढलं, म्हणून लांबी कमी आणि मागे दोन्ही बाजूंना फट. सीटवर बसलं की पोटाशी गोळा होत नाही. १९८३ चं ब्यूफोर्ट त्याहून लांब, पाठीमागे शिकारीसाठी मोठा खिसा. तो खिसा तुम्हाला कशाला? किंमत मात्र ऐकून बसा: नवं दोनशे पौंडांच्या वर जातं. म्हणून भावाला म्हणा, चांगलं वापरलेलं शोध.

रसायन_ताई (अमरावती)

धुऱ्यावरचा दादा, तुमच्या जुन्या जॅकेटचं काय झालं ते सांगते, कारण तीच चूक पुन्हा विकत घ्यायला नको. "वॅक्स लूक" म्हणून जे येतं त्यात बहुतेक वेळा मेण नसतंच. कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. उष्णता आणि दमटपणा मिळाला की पाण्याचे रेणू त्या प्लॅस्टिकच्या साखळ्या तोडत जातात. आधी चिकट, मग पापुद्रे. वापरलं नाही, नुसतं कपाटात ठेवलं तरी होतं. उलट बंद कपाटात लवकर. सोफ्याच्या रेग्झीनचं, जुन्या बुटांच्या तळव्यांचं दुखणं हेच. यावर इलाज नाही, थर गेला की वस्तू गेली.

मेणाचं तसं नाही. मेण निघून गेलं तरी खालचं सुती कापड शाबूत असतं, पुन्हा मेण भरता येतं. टिकण्याचं सगळं गणित एवढ्यात आहे.

ओळखायचं कसं? नखाने हलकी रेघ ओढा. खरं मेण असेल तर फिकट रेघ उमटते आणि अंगठ्याने घासून ऊब दिली की पुसली जाते. प्लॅस्टिकचा थर असेल तर रेघ उमटत नाही, किंवा उमटली तर कायमची. कापड उलटून आतली बाजू बघा, तिथे चकचकीत पडदा दिसला तर ठेवून द्या. ऑनलाइन फोटोत कोपराच्या घड्या बघायच्या, खऱ्या मेणकापडाच्या घड्या फिकट दिसतात.

टाईनकाठचा_वऱ्हाडी

ताईंनी नेमकं सांगितलं. त्यात वापरलेल्याबद्दल भर घालतो. भावाला सांगा, दुकानात पहिल्यांदा काखेत नाक घाल. मेणाचा वास येणारच, तो चालतो. कुबट बुरशीचा आला तर परत ठेव, तो जात नाही. मग खिशांचे तळ, बाहीची कड आणि चेनच्या खालचं टोक बघ. अस्तर फाटलेलं असेल तर उलट चांगलं, भाव पाडून मागता येतो.

शिलाई_आर्वी

मी टेलर आहे. वर्धा जिल्ह्यात असं जॅकेट रोज येत नाही, पण मेणाची ताडपत्री, तंबूचं कापड, बंदुकीचे कव्हर शिवले आहेत, त्यावरून सांगतो.

मेणकापडावर पडलेलं सुईचं भोक बुजत नाही. साध्या कापडात धागे परत जवळ येतात, इथे येत नाहीत. म्हणून उसवून पुन्हा शिवायचं असेल तर जुन्याच भोकातून न्यायचं, टाचण्या लावायच्या नाहीत, चिमटे लावायचे. सोळा नंबरची सुई, टाका मोठा. मशीनच्या दात्यात मेण भरतं, काम झालं की ब्रशने साफ करावं लागतं, म्हणून बरेच कारागीर नाही म्हणतात. काम झालं की त्या शिवणीवर बोटाने मेण चोळायचं, नाहीतर पाणी तिथूनच शिरेल.

घेताना शिवण बघा. दोन्ही कडा एकमेकांत दुमडून वरून दोन शिलाया मारलेल्या असल्या पाहिजेत. नुसती एक शिलाई आणि आत ओव्हरलॉक असेल तर खांदा पहिला जाणार.

चेन पितळेची, जाड दातांची घ्या. हलक्या मिश्र धातूचा स्लायडर दोन हिवाळ्यांत रुंद होतो आणि चेन वरून लागते, खालून उघडते. स्लायडर बदलता येतो, पूर्ण चेन बदलणं म्हणजे दोन्ही बाजूंनी मेणाची शिवण उसवणं, ते महागात पडतं. टिचबटणं तुटली तर काळजी नाही, ती इथे मिळतात. खिशाचं आतलं कापड गेलं तर जुन्या खाकी पँटीचं लावून देतो, बाहेरून कळत नाही.

मोहर्ली_गेट (चंद्रपूर)

ताडोबात गाईड आहे. एका पाहुण्याने जाताना आपलं जुनं जॅकेट दिलं होतं, तेव्हापासून हिवाळ्याच्या सकाळच्या फेरीला तेच असते. उघड्या जिप्सीत डिसेंबरात वारा कापतो, तिथे याला तोड नाही. नायलॉनचं जॅकेट हात हलवला की सळसळ करते, हे करत नाही. बोर अन् चिल्हाटीच्या काट्यात नायलॉनचा दोरा ओढला जाते, याच्यावर नुसता ओरखडा उमटते.

पण पावसाळ्याचं विचाराल तर नाही. जुलैत आपल्याकडचा पाऊस तासभर धो-धो कोसळते. खांद्यावरून अन् शिवणीतून पाणी आत येतेच. वरून उकाडा, आतून घाम. ते काम साध्या प्लॅस्टिकच्या रेनकोटचं. मेणाचं जॅकेट झिमझिम, दव, धुकं अन् वारा याच्यासाठी.

एक अजून. बाह्यांच्या आत लोकरीची विणलेली पट्टी असते काही मॉडेलला. गाडीवर ती ऊबदार लागते, पण कुसळं तिच्यात अडकते अन् निघत नाही. वावरात जाणाऱ्याने इचार करावा.

धुऱ्यावरचा

कुसळाचं बरं सांगतलं भाऊ. आमच्या धुऱ्यावर कुसळी गवतच हाय. अन् जागलीले बी हेच घालीन म्हनतो. हरबऱ्यात रानडुकरं येते, मचानावर बसा लागते, खाली शेकोटी...

रसायन_ताई

थांबा दादा. शेकोटी म्हणालात म्हणून लगेच लिहिते आहे. सुती कापड आणि त्यात मुरलेलं पॅराफिन, म्हणजे मेणबत्तीचंच मेण: टेकडीवरच्या पोट्ट्याने मेणबत्तीची चेष्टा केली ती या बाबतीत शब्दशः खरी आहे. ठिणगी उडाली तर कापड वातीचं काम करतं आणि मेण जळणाचं. साधं सुती कापडही पेटतंच, पण यातलं वितळलेलं मेण वर कातडीला चिकटतं. अमेरिकेत लाकूडतोड्यांसाठी असं जाड कापड बनवणाऱ्या कंपन्याही आगीपासून लांब राहा असंच सांगतात. शेकोटीला बसायचं तर जॅकेट काढून मचाणावर टांगा, अंगावर घोंगडी घ्या. लोकर सहज पेट घेत नाही.

मोहर्ली_गेट

ताईचं खरं आहे. बिडीवाल्यांनीही ऐकावं.

धुऱ्यावरचा

हे कोनीच सांगतलं नव्हतं. बाबाची घोंगडी हायेच घरी. मंग जॅकेट ओलिताले अन् गाडीवर, घोंगडी जागलीले.

मेन परत लावाचं कसं? तिकडच्या मेनाचा डबा संपला तं काय कराचं?

गाविलगड (चिखलदरा)

इथे सांगायला माझ्याकडे बरंच आहे, कारण आमच्याकडे धुक्यातच दिवस जातात आणि मी कापडी पिशव्यांना, सॅकला, टोपीला सगळ्याला मेण लावते.

आधी साफसफाई. चिखल वाळू द्यायचा, मग ब्रशने झाडायचा. थंड पाण्यात स्पंज बुडवून पुसायचं, बस. साबण नाही, गरम पाणी नाही, वॉशिंग मशीन नाही, ड्रायक्लीनिंग तर मुळीच नाही. घरातल्या बाईमाणसाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी मायेने निरम्यात भिजवेल आणि मेणासकट सगळं जाईल.

मेण: बाजारात पॅराफिन मिळतं, मेणबत्त्या करणारे वापरतात ते, ५८-६० अंशांना वितळणारं. नुसतं पॅराफिन लावलं तर कडक होतं, घडीवर पांढऱ्या रेघा पडतात. मधमाशीचं मेण चिवट असतं आणि ६२ ते ६४ अंशांना वितळतं, आपल्या उन्हाला जरा जास्त टिकतं. मी दोन्ही निम्मं निम्मं घेते. मेण खादीच्या दुकानात मिळतं, किंवा मध काढणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून घ्यावं, गाळून. चुलीवर थेट पातेल्यात वितळवू नका, पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवा.

जुन्या बनियनच्या तुकड्याने थोडं थोडं चोळायचं. शिवणी, खांदे, कोपर यांना जास्त. कॉर्डुरॉयच्या कॉलरला आणि खिशाच्या आत लावायचं नाही. मग हेअरड्रायरने ऊब द्यायची म्हणजे वरचं मेण आत मुरतं, राहिलेलं पुसून काढायचं. रात्रभर वेगळं टांगायचं, दुसऱ्या कपड्यांना चिकटू द्यायचं नाही. वर्षातून एकदा, दसऱ्याच्या सुमारास केलं की हिवाळा निघतो.

टेकडीवरचा_पोट्टा

ड्रायर कशाला ताई? मे महिन्यात आंगणात पसरवा, पंधरा मिनिटांत मुरते. लाईट बिल शून्य.

गाविलगड

मुरतं हे खरं. काळ्या-हिरव्या कापडाचा पृष्ठभाग उन्हात हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. मी स्वतः टोपीला असंच करते. पण जॅकेट टांगून ठेवलंत तर मेण वितळून खाली घेरात उतरतं आणि खांदे कोरडे पडतात. आडवं पसरून, डोळ्यासमोर, लगेच उचलून घ्यायचं. दुपारभर विसरलात तर रंगही उडतो.

टाईनकाठचा_वऱ्हाडी

मला ही उन्हाची कल्पना पटत नाही. ड्रायरने एका जागी किती ऊब द्यायची ते हातात असतं, उन्हात नसतं. आणि मेण लावणं हे हिवाळ्याच्या तोंडाशी करायचं काम आहे, मेमध्ये लावलं तर पुढचे पाच महिने ते ताजं मेण कपाटात धूळ आणि बुरशी गोळा करेल.

गाविलगड

वेळेबद्दल मान्य. ऑक्टोबर हीटचं ऊन वापरा मग, तेही काही कमी नसतं.

उतेऱ्यातला (ब्रह्मपुरी)

आमच्याकडे धान निघायच्या आधी उतेऱ्यात, म्हणजे उभ्या धानातच, जवस टाकतात. घरचं जवसाचं तेल आहे. क्रिकेटच्या बॅटीला लावतो तसं या जॅकेटला लावलं तर? मेणात मिसळून? विचारायचं कारण, माझे आजोबा बंडीच्या ताडपत्रीला लावायचे असं घरी सांगतात.

टाईनकाठचा_वऱ्हाडी

तुमच्या आजोबांनी केलं तेच या जॅकेटचं मूळ. जुन्या काळी इथले खलाशी शिडांना आधी माशाचं तेल लावायचे, पुढे जवसाचं. भिजलेलं शीड वजनाला जड होतं, तेल लावलेलं होत नाही आणि वाराही चांगला धरतं. उरलेल्या शिडाच्या तुकड्यांचे मग अंगरखे शिवायचे. जवसाच्या तेलाची दोन दुखणी होती: थंडीत ते कडक होऊन तडकायचं, आणि काळाने पिवळं पडायचं. म्हणून गेल्या शतकात पॅराफिन आलं आणि रंग ठरवून देता यायला लागला. ताडपत्रीला पिवळेपणा चालतो, जॅकेटला नको.

रसायन_ताई

आणि जवसाचं तेल हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून वाळतं, तेव्हा उष्णता बाहेर पडते. तेल पुसलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर काडी न लावता पेट घेऊ शकतात. बॅटीला लावल्यावरही चिंधी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. कापसाच्या गंजीशेजारी तर नकोच.

उतेऱ्यातला

बापरे. चटणीच बरी मग जवसाची.

मोहर्ली_गेट

उन्हाळा-पावसाळ्यात कुठे ठेवायचं हे राहिलं. ताडोबाचं कोअर, म्हणजे आतलं जंगल, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असते, तेव्हा माझं जॅकेटही बंद असते. लोखंडी कपाटात ठेवलं तर उन्हाळ्यात कपाटाचा भट्टा होते अन् मेण शेजारच्या शर्टांना लागते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं तर पावसाळ्यात बुरशी. मी जुन्या धोतराची खोळ शिवून घेतली, तिच्यात घालून माजघरातल्या खुंटीवर, भिंतीपासून जरा लांब, रुंद हँगरवर. घडी नाही घालायची, घडीवरच चिरते. अन् टिनाखाली नाही. बुरशी आलीच तर बाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाडा, थंड पाण्याने पुसा, सावलीत वाळवा.

शिलाई_आर्वी

उंदरांचं बघा. माझ्या दुकानात मेणाचा धागा त्यांनी बरोबर शोधून खाल्ला होता. खिशात फुटाणे, शेंगदाणे राहू देऊ नका, तिथून सुरुवात करतात.

धुऱ्यावरचा

सगळ्यायले नमस्कार. भावाले फोन केला. वापरलेलं, सहा औंसाचं, आत भरन नसलेलं, पितळी चेनचं पाहून राहिला. बिडेल भेटलं तं घेईन म्हनते, पन आतली विनलेली पट्टी... कुसळं. शिलाईकाका, ते काढता येते का?

शिलाई_आर्वी

येते. ती आत अस्तराला जोडलेली असते, बाहेरच्या मेणकापडाला हात लावावा लागत नाही. अस्तरातूनच उसवून काढायची, जागेवर साधं कापड आणि आत बसणारं टिचबटण लावून देईन. आर्वीला आणा किंवा तुमच्या टेलरला हे वाचून दाखवा. माप घेताना स्वेटर घालून छाती मोजा. बाही थोडी लांब चालेल, गाडीवर हात पुढे गेला की वर चढते.

धुऱ्यावरचा

स्वेटर घालून ४२ आली. कळवतो. बॅगेत कसं आनाव, बाकीच्या कपड्यायले मेन लागन ना?

टाईनकाठचा_वऱ्हाडी

त्याला म्हणा अंगावर घालूनच विमानात बस. लीड्सच्या त्या दिवसांत तसंही लागेल. नागपूरला उतरल्यावर काढेल आपोआप.

धुऱ्यावरचा

भाऊ विचारून राहिला, दोन भेटून राह्यले, एक काळ्यावानी हिरवं, एक तपकिरी. दोन्हीले कॉलर कॉर्डुरॉयची. कोनतं घेऊ?

टेकडीवरचा_पोट्टा

तपकिरी घे बे. काळ्या मातीत पडला तरी आणि चहा सांडला तरी बायकोला कळत नाही.

मोहर्ली_गेट

हिरवं. रोही (नीलगाय) लवकर बिचकत नाही.

धुऱ्यावरचा

मले तं रोही बिचकावाचेच हाय ना भाऊ! तपकिरी सांगतो.